वीस पावलं अलीकडे

मित्रांनो, मी एक जुना हद्दीचा दगड आहे. खरं तर ‘जुना’ हे सांगायची गरज नाही, कारण नवा दगड तुम्ही तरी कधी पाहिलाय? पण स्वतःची ओळख करून द्यायची तर माझ्याजवळ एवढंच आहे. बदलापूरच्या बाहेर, उल्हास नदीकडे उतरत जाणाऱ्या शेतांच्या कडेला ‘हिरवाई दर्शन’ नावाची सोसायटी आहे. तिच्या कंपाउंडच्या भिंतीत मी चिणलेला आहे. माझा एक गाल शेताकडे आहे आणि दुसरा सोसायटीच्या बागेकडे. मला मान वळवता येत नाही आणि ओरडता येत नाही. तुम्ही म्हणाल, दगडाला कसलं आलंय ओरडायचं? अहो, पोटात तसंच काही असलं तर दगडालाही ओरडावंसं वाटतं. तेच सांगायला आज बसलोय. बसलोय म्हणजे काय, दुसरं काही जमतच नाही.

माझा जन्म अंबरनाथजवळच्या एका खाणीत झाला. मला घडवणारा पाथरवट मोठा बढाईखोर होता. शिवमंदिराचे दगड आणि आमचे दगड भाऊबंद आहेत, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. मला मात्र त्याने मूर्ती केलं नाही की पायरी केलं नाही. चार बाजू तासल्या, डोक्यावर एक फुली कोरली आणि बैलगाडीत टाकलं. तेव्हा मी जरा रुसलो होतो. मग सरकारी मोजणीची माणसं आली, साखळी ताणली गेली, आणि धोंडिबाच्या आजोबांच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात मला गुडघाभर गाडलं. गावातले चार जण साक्षीला उभे होते. त्यांच्यातला एक म्हातारा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, आता हलायचं नाही. मित्रांनो, हद्दीच्या दगडाला आयुष्यात शिकवण मिळते ती एवढीच. ती मी ऐंशी वर्षं पाळली, ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटलं नाही.

धोंडिबाच्या घरात माझा मान मोठा होता. वर्षातून दोनदा माझी आठवण व्हायची. पहिल्यांदा व्हायची ती राब भाजताना. राब म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्याकडे भाताची रोपं करायची जागा आधी भाजून घेतात. उन्हाळ्यात त्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडाच्या वाळल्या फांद्या आणि गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. त्याने तणाचं बी मरतं आणि राखेवर रोप जोमाने येतं. या घराची रीत अशी की वाळल्या गवताची पहिली चूड माझ्या पायाशी पेटवायची, मला नारळ दाखवायचा आणि तीच पेटती चूड घेऊन राबाकडे जायचं. ऐंशी वर्षं ती आग एकाच बाजूला, शेताकडच्या बाजूला पेटत आली. त्यामुळे माझा तो गाल काजळून काळाकुळकुळीत झाला होता. तेल, कुंकू, धूर सगळं त्यावर थरावर थर बसलेलं. मला त्या काळ्या गालाची फार ऐट होती.

दुसरी आठवण आवणीनंतर. शेतात रोपं लावून झाली, की शेवटची एक मूठ राखून ठेवायची आणि माझ्या पायाशी लावायची. ‘शेवटची मूठ दगडाची,’ असं धोंडिबा म्हणायचा. त्या मुठीचा भात कोणी कापत नसे, तो पाखरांचा.

आता थोडं माणसांविषयी सांगतो. धोंडिबा म्हणजे या शेताचा मालक, आता म्हातारा. गावात कुठे बांधावरून भांडण झालं, की लोक त्यालाच बोलवायचे. पंचक्रोशीत त्याचा शब्द म्हणजे हद्द. याचा त्याला अभिमान होता, आणि अभिमान असला की ऐकू जरा कमी येतं. त्याचा मुलगा बाळा अंबरनाथला कारखान्यात जायचा. त्याचं शेतात लक्ष नव्हतं आणि त्याने तसं लपवलंही नाही. शेत खरं पाहायची ती बाळाची बायको वेणू. घराच्या ओट्यापासून माझ्यापर्यंत एकशे दहा पावलं होती, आणि राबाची पाटी डोक्यावर घेऊन ती वाट ती इतक्यांदा चालली होती, की डोळे मिटूनही आली असती. राबाची जागा मधल्या उंचवट्यावर, माझ्यापासून साठ पावलांवर. अख्ख्या शेतात उंच जागा तेवढी एकच. बाकी सगळी सखल खाचरं, तिथे पाणी साचतं, तिथे राब होत नाही. हे आकडे लक्षात ठेवा. पुढे त्यांच्यावरच सगळं येऊन थांबणार आहे.

दोन हजार साल उलटलं आणि शहराचा नकाशा आला. कोणी म्हणे बदलापूर वाढतंय, तर नीट वाढायला हवं, शेती आणि नदीकाठ वाचायला हवा. म्हणून नकाशात काही भाग पिवळा रंगवला, तिथे घरं बांधायची. काही भाग हिरवा रंगवला, तिथे फक्त शेती. दोन्हींच्या मधली रेघ नेमकी माझ्यावरून गेली. माझ्या एका बाजूला शेजाऱ्याचं शेत पिवळं झालं, दुसऱ्या बाजूला धोंडिबाचं हिरवं. धोंडिबाने त्या दिवशी मला नारळ फोडला. शेत वाचलं, म्हणाला. बाळा मात्र ओट्यावर बसून शेजाऱ्याच्या शेताकडे बघत राहिला. पुढे शेजाऱ्याने शेत बिल्डरला विकलं आणि वर्षभरात स्टेशनजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, हेही त्याला बघावं लागलं.

मीही धोंडिबासारखाच खूश होतो, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता या बाजूला कोणी बोट लावणार नाही. पण गंमत बघा. शेजारच्या पिवळ्या तुकड्यावर इमारत उभी राहू लागली आणि तिचा मोठा फलक रस्त्यावर लागला. त्यावर आमच्या खाचराचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘समोर कायमची हिरवाई.’ समोर कधी इमारत होणार नाही, याची सरकारनेच हमी दिलेली, मग फ्लॅट भराभर गेले. वेणूचं शेत वाचवायला काढलेल्या रेघेने वेणूच्या शेताला चार मजल्यांचे शेजारी आणून दिले. मला तेव्हा काही कळलं नाही. आम्हा दगडांना उशिरा कळतं.

मग आला दोन हजार पाचचा जुलै. आवणी संपून चारच दिवस झाले होते, शेवटची मूठ माझ्या पायाशी ताजी होती. नदीने ऐकलंच नाही. पाणी शेतात शिरलं, बांध वाहून गेले, आणि अर्धवट इमारतीचे ओंडके नि फळ्या येऊन माझ्यावर आदळल्या. पायाखालची माती सुटली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा हललो. किती गडगडलो ते मला तेव्हा कळलं नाही. पाणी ओसरलं तेव्हा मी चिखलात आडवा होतो, आणि माझ्याशेजारी, मातीच्या ढेकळासकट वाहत आलेली ती शेवटची मूठ चिखलात रुतून ताठ उभी होती. हिरवीगार!

धोंडिबा शोधत आला. बांध नाही, वाट नाही, पलीकडे इमारतीच्या भरावाचा डोंगर. ओळखीची खूण म्हणून एकच, ती मूठ. त्याने हात जोडले. जिथे शेवटची मूठ, तिथे दगड, असं म्हणून त्याने आणि बाळाने मला उभं केलं आणि तिथेच गाडलं. वेणू मागे उभी होती. ती ओट्यापासून चालत आली होती आणि तिच्या पायांनी मोजलं होतं. ती म्हणाली, मामा, दगड जरा अलीकडे आल्यासारखा वाटतो. धोंडिबाने वर पाहिलंही नाही. पन्नास वर्षं मी हद्दी बघतोय, मूठ खोटं बोलत नाही, एवढंच म्हणाला. सासऱ्यासमोर तिने पुन्हा तोंड उघडलं नाही.

मित्रांनो, वेणूचे पाय बरोबर होते. मी वीस पावलं अलीकडे आलो होतो, धोंडिबाच्याच शेतात. वर माझं तोंडही उलटं झालं होतं. चिखलाने माखलेला असल्याने कोणाला दिसलं नाही, पण माझा काळा गाल आता इमारतीकडे होता.

पुढच्या वर्षी कंपाउंडची भिंत आली. बिल्डरचा माणूस धोंडिबाकडे कागद घेऊन आला, दगड हीच हद्द मान्य आहे ना, म्हणून. धोंडिबाने अंगठा नाही, चांगली मराठीत सही केली. स्वतःच्या हाताने बसवलेला दगड, मान्य नसायला काय झालं? गवंड्यांनी मला मधोमध धरून भिंत चढवली. माझी मूळची जागा भिंतीच्या आत गेली, तिच्यावर फरशा बसल्या, आणि तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या. मी समोरून बघत होतो. काय करणार?

राब भाजायच्या वेळी वेणू चूड पेटवायला माझ्याकडे आली तेव्हा थबकली. शेताकडचा गाल स्वच्छ होता. तिने धोंडिबाला विचारलं, हा काळा होता ना? धोंडिबा म्हणाला, पुराने धुतला असेल. तिने मान डोलावली, पण तिच्या मनातून ते गेलं नाही. मी तिला ओळखतो.

त्याच सुमाराला पहिल्या मजल्यावर कुमुदिनीबाई राहायला आल्या. विठ्ठलवाडीच्या चाळीतली खोली देऊन त्यांनी हा फ्लॅट घेतला होता, आणि तो मजा म्हणून नाही. त्यांच्या यजमानांनी तीस वर्षं कारखान्यात काढली होती आणि आता ते छातीचं दुखणं घेऊन घरी बसले होते. डॉक्टरांनी सांगितलं, मोकळ्या हवेत न्या. कुमुदिनीबाईंनी फलक वाचला आणि इथे आल्या. यजमान बाल्कनीत खुर्ची टाकून खाचराकडे बघत बसायचे. बाई सोसायटीच्या बागेची देखभाल बघायच्या, जास्वंद लावायच्या, आणि भिंतीतला हा काळा, ओबडधोबड दगड त्यांचा जीव खायचा. एक दिवस त्यांनी रंगाऱ्याला सांगून मला आतून पांढराशुभ्र रंग मारून घेतला. वर गेरूचा पट्टाही. माझा ऐंशी वर्षांचा काळा गाल एका दुपारी पांढरा झाला. कुमुदिनीबाई दोन पावलं मागे जाऊन बघून म्हणाल्या, आता कसं छान दिसतंय.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात वेणूने राब भाजला. वारा नेमका इमारतीकडे होता. धूर बाल्कन्यांत शिरला, वाळत घातलेले कपडे काळे झाले, आणि कुमुदिनीबाईंच्या यजमानांना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. दवाखान्यात न्यावं लागलं. यात चुकलं कोणाचं ते तुम्हीच ठरवा, मला ठरवता आलेलं नाही. कुमुदिनीबाईंनी सोसायटीतर्फे अर्ज दिला. नगरपालिकेचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. हवा चांगली राहिली पाहिजे आणि शेतीही राहिली पाहिजे, दोन्ही आमचीच धोरणं आहेत, असं म्हणाला आणि जागेवरच तोडगा काढला. वस्तीच्या हद्दीपासून पन्नास पावलं सोडून राब भाजायचा, त्याच्या आत नाही. मोजायला त्याने सुरुवात केली ती माझ्यापासून. राबाची जागा चाळीस पावलांवर भरली.

आठवतंय ना, किती होती? साठ. मी माझ्या जागेवर असतो तर वेणू सुखाने राब भाजत राहिली असती. माझ्यामुळे ती दहा पावलांनी गुन्हेगार ठरली. उंच जागा दुसरी नव्हती, आणि राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर खाचर पडीक. शेती आहे म्हणून तो तुकडा हिरवा, आणि हिरवा आहे म्हणून तिथे शेतीवाचून दुसरं काही करता येत नाही. संध्याकाळी बाळा माझ्याजवळ भिंतीला पाठ टेकून उभा होता. तो वेणूला म्हणाला, ‘विकताही येत नाय आणि पिकवताही येत नाय. आपण नक्की काय करायचं, ते तरी नकाशात लिहायचं होतं.’

वेणू माझा स्वच्छ गाल बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने मोजणीसाठी बाळाला अर्ज करायला लावला.

मोजणीदार आला तो दोन हजार आठच्या जानेवारीत. तिपाई लावली, नकाशा पसरला आणि आजूबाजूचे दगड शोधायला लागला. एकही सापडेना. कोणी इमारतीखाली, कोणी रस्त्याखाली. माझ्या पिढीतला मी एकटाच उरलो होतो. मग काय, त्याने सगळं माप माझ्यावरूनच घ्यायचं ठरवलं. माझ्यावर संशय, आणि साक्षीदारही मीच! ऐंशी वर्षं खरं बोललेला मी, आता उभ्या उभ्या खोटं बोलत होतो आणि मला गप्प राहण्याचीही सोय नव्हती.

वेणू पुढे झाली. हा दगड पुरात हललाय, ती म्हणाली. मोजणीदाराने धोंडिबाकडे पाहिलं. धोंडिबा म्हणाला, हलला होता, पण मी जागच्या जागी बसवलाय, सहीही केलीय. म्हाताऱ्याच्या आवाजात काही शंका नव्हती, हेच तर दुखणं. वेणू म्हणाली, याचा एक गाल चुडीने काळा होता, आमच्या शेताकडचा. मामा म्हणतात पुराने धुतला. पण तो पलीकडे, सोसायटीच्या बाजूला काळा असेल, तर धुतलेला नाही, दगड उलटा बसलाय. आणि तोंड चुकलं असेल तर जागाही चुकली असेल. मोजणीदाराला पटलं. असं असेल तर या दगडावरून माप घेणार नाही, लांबच्या खुणेवरून घेईन, म्हणाला. सगळे फाटकातून फिरून आत आले.

मी पांढराशुभ्र उभा होतो. गेरूच्या पट्ट्यासकट. सोसायटीच्या भिंतीचा रंग मला खरवडता येणार नाही, मोजणीदार म्हणाला, कोणी पाहिलं असेल तर सांगा.

कुमुदिनीबाई जास्वंदीला पाणी घालत होत्या. वेणू त्यांच्यासमोर गेली. तिचा आवाज हळू होता.

‘काकू, रंग लावायच्या आधी हा काळा होता का?’

वर बाल्कनीत यजमान खोकत होते. कुमुदिनीबाईंनी वर पाहिलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या झारीकडे. मी जीव तोडून त्यांच्याकडे बघत होतो. बाई, बोला, तुम्हीच तर रंगाऱ्याला सांगितलंत, हा काळा दगड डोळ्यांत सलतो म्हणून. बोला ना!

‘लक्षात नाही गं,’ त्या म्हणाल्या.

एवढंच. मोजणीदाराने माझ्यावरून माप घेतलं, कागदावर रेघ मारली आणि तिपाई मिटली. धोंडिबा ताठ मानेने घरी गेला. वेणू भिंतीपलीकडे येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिला रडू आलं नाही, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लबाड माणसाकडे बघतात. मित्रांनो, आयुष्यात मला पाथरवटाच्या सुतकीचे घाव बसले, पुराचे ओंडके बसले, पण इतकं लागलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात चूड पेटली नाही. वेणूने उंचवट्यावर न भाजताच बी टाकलं, तर तणच वर आलं. रोपं पिवळी पडून गेली. अंगणात तुळशीमागे तिने पाटीभर राख आणि शेणखत घालून हातभर वाफा केला होता, तेवढी रोपं जगली. पावसाळा आला तरी खाचरात आवणीची माणसं नाहीत, बोलणं नाही, हसणं नाही. गवत कमरेएवढं माजलं. नकाशावर मात्र तो तुकडा हिरवाच होता, आणि लांबून पाहणाऱ्याला इथेही हिरवंच दिसत होतं. मग एक माणूस छत्री घेऊन आला आणि बाळाशी बोलू लागला. जमीन पडीक दाखवू, दोन-तीन वर्षांत पट्टा बदलून पिवळा करून घेता येईल, इथे सात मजले सहज बसतील. बाळा ऐकत होता. माझ्याजवळच उभे राहून बोलत होते, दगडासमोर बोलायला कोण लाजतं?

वर बाल्कनीत यजमानही ऐकत होते. संध्याकाळी त्यांनी कुमुदिनीबाईंना बागेत खाली आणलं आणि माझ्यासमोर बाकावर बसवलं. खोकत खोकत बोलले. म्हणाले, धूर वर्षातून तीन दिवस होता, तेवढे दिवस मी बहिणीकडे गेलो असतो. कोणी मला विचारलंच नाही. आणि तुला लक्षात नाही असं कसं होईल? रंगाऱ्याला तू सांगत होतीस तेव्हा मी वरून ऐकत होतो.

कुमुदिनीबाई म्हणाल्या, ‘मला तुमच्या जिवाची भीती वाटली हो. दुसरं काही नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बादलीभर पाणी आणि नारळाची करवंटी घेऊन आल्या. पदर खोचला आणि मला घासायला लागल्या. रंग चिवट होता. त्यांच्या बोटांना करवंटी लागली तरी त्या थांबल्या नाहीत. आधी गेरू गेला, मग पांढरा, आणि खालून माझा काळा गाल हळूहळू उघडा झाला. हवा लागली तेव्हा मला काय वाटलं ते सांगू शकत नाही. कुमुदिनीबाईंनी टाचा उंचावून भिंतीवरून हाक मारली. वेणू, इकडे ये, मी तुझ्याशी खोटं बोलले.

वेणू आली तेव्हा एकटी नव्हती. धोंडिबाचा हात धरून त्याला घेऊन आली होती. म्हाताऱ्याला आता नीट दिसत नव्हतं. त्याने तळवा माझ्या गालावर ठेवला. ती खरखर, ते तेलकट काजळ, ते थर. त्याच्या बापाने पेटवलेल्या चुडी त्यात होत्या, त्याच्या स्वतःच्या होत्या. तो हात फिरवत राहिला. त्याला कळलं. पंचक्रोशीच्या हद्दी सांगणाऱ्या माणसाने स्वतःची हद्द चुकवली होती, आणि वर सही केली होती.

‘वेणू,’ तो म्हणाला, ‘तू तेव्हाच बोल्ली होतीस. मीच नाय ऐकलं.’

वेणूने त्याचा हात खाली घेतला आणि पदराने पुसला. काळं पूर्ण गेलं नाही.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. नवा अर्ज गेला आहे. धोंडिबाने चूक कबूल करून लिहून दिलं, कुमुदिनीबाईंनी सही केली. सोसायटीतल्या काही जणांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, कारण वीस पावलं म्हणजे नऊ गाड्यांची जागा. बाळाने छत्रीवाल्याला अजून नाही म्हटलेलं नाही, हो पण म्हटलेलं नाही. अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते कोणाला ठाऊक नाही. आणि मी अजून इथेच आहे, सिमेंटमध्ये.

पण त्या पावसाळ्यातली एक गोष्ट राहिली. अंगणातल्या वाफ्यातली रोपं वेणूने एका कोपऱ्यातल्या छोट्या खाचरात लावली. तासाभराची आवणी. शेवटची मूठ हातात राहिली. मला वाटलं, आता माझ्या पायाशी येईल. ती आली नाही. ती ओट्यावर गेली आणि तिथून पावलं मोजत निघाली. नव्वद झाली तेव्हा भिंत आली. तिने आकडा तोंडात धरला, फाटकातून फिरून आत आली, माझ्या काळ्या गालाला पाठ लावून उभी राहिली आणि पुढे मोजू लागली. एक्याण्णव. ब्याण्णव. दोन गाड्यांच्या मधून तिरकी होऊन गेली. एकशे दहाव्या पावलाला ती थांबली. तिथे एक फरशी उखडली होती आणि खाली चिखल होता. तिने वाकून ती मूठ त्या चिखलात लावली.

कुमुदिनीबाईंनी घरातली प्लास्टिकची खुर्ची आणून त्या मुठीशेजारी ठेवली, कोणी गाडी लावू नये म्हणून. खुर्ची अजून तिथे आहे. कोणी सरकवली, की त्या परत ठेवतात.

मित्रांनो, माझ्यासारखे सगळे दगड तुम्हाला शेवटी एकच विनंती करतात, की आम्हाला हलवू नका. मी ऐंशी वर्षं तेच म्हणत आलो. नकाशे तुम्हीच काढा, हिरवे-पिवळे रंगही तुम्हीच भरा, पण रेघ मारायच्या आधी ज्याचे पाय त्या वाटेने रोज चालतात त्याला एकदा विचारा. आणि मोठे व्हाल तेव्हा यातला एखादा अर्ज तुमच्या टेबलावर आला, तर माझी आठवण ठेवा. मला इथून काढा. फार लांब न्यायचं नाही, त्या खुर्चीपर्यंत. फक्त वीस पावलं.